बरे होणे आणि पूर्ववत होणे: कॉर्नियाच्या निमित्ताने

जखम भरली आणि शरीर पूर्ववत झाले की माणूस बरा झाला, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेला ही समजूत लागू पडत नाही. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, तेथे खरोखरच पूर्ववत झाला तर नंबरही परत येईल. जखम भरावी, पण जुना आकार परतू नये, अशी या शस्त्रक्रियेची अपेक्षा असते. त्यामुळे वैद्यकाच्या तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न येथे नेमकेपणाने मांडता येतो: बरे होणे म्हणजे मूळ स्थितीकडे परतणे, की नव्या स्थितीत स्थिरावणे?

कॉर्नियाची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक असते. सर्वांत बाहेरचा पेशीथर सुमारे ५० मायक्रॉन जाडीचा असून साधारण ७ ते १० दिवसांत तो पूर्ण बदलतो. त्याच्या नव्या पेशी बुबुळाच्या कडेला, काळा आणि पांढरा भाग मिळतो तेथील मूळपेशींपासून तयार होतात. त्याखालचा बोमनचा पातळ थर एकदा नष्ट झाला की पुन्हा बनत नाही. त्याच्या खाली स्ट्रोमा असतो. एकूण जाडीचा सुमारे नऊ दशांश भाग त्याचाच. त्यातले कोलॅजनचे तंतू अत्यंत नियमित अंतरावर रचलेले असतात. कॉर्निया पारदर्शक असण्याचे हे मुख्य कारण आहे. सर्वांत आतल्या थरातल्या पेशी माणसात जवळजवळ विभाजित होतच नाहीत. काही मेल्या तर शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात. म्हणजे जखम झालेली नसतानाही कॉर्नियाचा एक थर सतत नवा होत असतो आणि दुसरा गेला की कायमचा जातो.

या शस्त्रक्रियेत १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर वापरतात. तो ऊतीतले रेणूंचे बंध तोडतो, पण आजूबाजूचा भाग फारसा तापवत नाही. रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ मध्ये त्याचा हा गुण प्राण्यांच्या ऊतीवर पाहिला. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी कॉर्नियावरील प्रयोग प्रसिद्ध केले.

पीआरके या पद्धतीत बाहेरचा पेशीथर काढून खालच्या भागाला लेसरने आकार देतात. जखमेलगतच्या स्ट्रोमातल्या पेशी काही तासांतच मरतात. कडेच्या पेशी सरकत येऊन उघडा भाग झाकतात. पट्टीसारखी लेन्स बसवलेली असताना याला साधारण ३ ते ५ दिवस लागतात. पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत स्ट्रोमातल्या उरलेल्या पेशी सक्रिय होऊन नवे तंतू घालतात. ही दुरुस्ती जोमाने झाली तर तंतूंची रचना अनियमित होते आणि कॉर्निया धूसर दिसू लागतो. हा धोका जास्त असेल तेथे शस्त्रक्रियेच्या वेळीच मायटोमायसिन हे पेशीविभाजन रोखणारे औषध काही सेकंद लावतात. जखम भरण्याच्या क्रियेला येथे डॉक्टरच मुद्दाम आवर घालतात.

लॅसिक या दुसऱ्या पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलून त्याखाली लेसर चालवतात आणि फ्लॅप परत बसवतात. त्याची कड पेशीथराने साधारण एका दिवसात झाकली जाते आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच स्पष्ट दिसू लागते. कडेला बारीक व्रण राहतो. मध्यभागी मात्र फ्लॅप आणि खालचा भाग यांची सांधणी कमजोरच राहते, इतकी की अनेक वर्षांनीही तो उचलता आल्याची उदाहरणे आहेत. पण नजर स्वच्छ राहते ती या मध्यभागातच. तुटलेल्या मज्जातंतूंची वाढ सावकाश होते. तोवर संवेदना कमी असते आणि डोळे कोरडे पडतात. सपाट केलेल्या मध्यावर बाहेरचा पेशीथर हळूहळू जाड होतो आणि थोडाफार नंबर परत येऊ शकतो. त्या पेशी जुना आकार ओळखून वागतात असे नाही. पृष्ठभागावरचा खोलगटपणा भरणे एवढेच त्या करतात.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते निसर्गाची क्रिया उद्दिष्टाकडे जाणारी असते आणि स्वतःवर उपचार करणारा वैद्य हे तिचे सर्वांत जवळचे उदाहरण आहे. कॉर्नियाच्या बाबतीत मात्र निसर्ग आणि शल्यविशारद हे दोन वेगळे वैद्य होतात. पेशींचे काम भगदाड बुजवण्याचे, तर शल्यविशारदाचे उद्दिष्ट स्पष्ट दृष्टीचे. पहिले काम जास्त झाले तर दुसरे बिघडते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात हा प्रश्न अधिक मुळाशी जाऊन विचारला आहे. बिघडलेले धातू, म्हणजे शरीराचे घटक, आपोआपच लय पावत असतील, तर वैद्य नेमके करतो काय, अशी शिष्य अग्निवेशाची शंका आहे. उत्पत्तीला कारण लागते, नाशाला लागत नाही, असे गुरू आत्रेय सांगतात. या मताला स्वभावोपरमवाद म्हणतात. विषम धातूंनाच वैद्य सम करत नाही. विषमतेची कारणे दूर करून आणि साम्याची कारणे योजून तो विषम धातूंची परंपरा खंडित करतो आणि सम धातूंची परंपरा सुरू करतो. या विचारात जुने परत आणण्याला जागाच नाही. आठवड्या-दीड आठवड्यात बदलणाऱ्या पेशीथराला हे वर्णन चपखल बसते. स्ट्रोमाचा जो भाग लेसरने गेला तो मात्र परंपरेतूनच वगळला जातो. तेथे प्रस्थापित होणारे साम्य पूर्वीचे नसते.

मग साम्य ठरवायचे कशावरून? बहुतेक लघुदृष्टीत नेत्रगोल लांब असतो, कॉर्निया निरोगीच असतो. शस्त्रक्रियेत हा निरोगी अवयव पातळ आणि नेहमीपेक्षा सपाट केला जातो. सरासरीच्या मोजमापाने पाहिले तर अवयव असामान्य होतो आणि माणसाची दृष्टी सामान्य होते. झॉर्झ कँगिलेम या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४३ च्या प्रबंधात आरोग्याची कसोटी सरासरीत शोधली नाही. परिस्थितीप्रमाणे जगण्याचे नवे मानदंड घालून घेण्याची क्षमता म्हणजे आरोग्य, आणि बरे होणे म्हणजे अशा नव्या मानदंडावर स्थिर होणे, असे त्याचे प्रतिपादन होते. नवा मानदंड कधी जुन्याइतका समर्थ असतो, कधी त्याहून संकुचित.

कॉर्नियाला हीच कसोटी लावावी लागते. फ्लॅपची सांधणी कायम कमजोर असूनही ज्याचे रोजचे व्यवहार चष्म्याविना सुरळीत चालतात, तो बरा झालेला असतो. याउलट काही थोड्या रुग्णांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, तपासणीत जखमही भरलेली दिसते, पण मज्जातंतूंच्या बिघाडामुळे डोळ्यांत वेदना राहते. त्यांच्या बाबतीत ऊतीची दुरुस्ती पूर्ण होते, बरे होणे अपुरे राहते. ऊती किती भरली हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. माणूस बरा झाला की नाही, हे त्याच्या जगण्याचा आवाका विचारात घेतल्याशिवाय ठरत नाही.