मौनाची खिडकी

जॉर्ज मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेत मौनी जोगिणींचा एक पंथ आहे. मृतांचे देह अंत्यविधीसाठी तयार करणे हे त्यांचे काम, आणि न बोलण्याची त्यांनी शपथ घेतलेली. कल्पना चोख आहे. कारण ज्यांच्याशी त्यांचा रोजचा व्यवहार, तेही बोलत नाहीत. पण त्यामुळे मौनी मठाची खरी अडचण कथेत येतच नाही. मठात राहतात ती जिवंत माणसे. त्यांना जेवताना मीठ कमी पडते, मध्यरात्री ताप भरतो, शेजारच्याचा राग येतो. ती न बोलता एकत्र कशी राहणार?

युरोपातल्या ख्रिस्ती मठांनी या प्रश्नाशी कैक शतके झुंज दिली आहे. गंमत म्हणजे तिथे 'मौनाची शपथ' नावाची गोष्टच नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे साधू शपथ घेतो ती त्याच मठात टिकून राहण्याची, आचरण पालटण्याची आणि आज्ञापालनाची. मौनावर त्या नियमावलीत स्वतंत्र प्रकरण आहे, पण मौन हा नियम आहे. शपथ एक तर पाळली जाते किंवा मोडते. नियमाला वेळ असते, जागा असते, अपवाद असतात.

आणि पळवाटाही असतात. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात हातांच्या खुणांची भाषा तयार झाली. अकराव्या शतकातल्या तिथल्या यादीत 118 खुणा आहेत. दूध हवे असेल तर करंगळी ओठांना लावायची, तान्हे बाळ चोखते तशी. पुस्तक हवे असेल तर हाताने पान उलटल्यासारखे करायचे. आणि ते ख्रिस्तपूर्व परंपरेतल्या एखाद्या 'पाखंडी' लेखकाचे असेल, तर वर कान खाजवायचा, कुत्रा पायाने खाजवतो तसा. तोंडाला कुलूप लागले, पण टोमणा बोटांत उतरला! बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेराल्ड ऑफ वेल्स हा पाद्री-लेखक कँटरबरीच्या मठात जेवायला बसला, तेव्हा साधूंचे ते हातवारे पाहून त्याला आपण नाटक बघायला आलो आहोत असे वाटले. त्यापेक्षा शब्दांत माफक बोललेले बरे, असे त्याचे मत पडले.

अधिक कडक वाट कार्थुजियन पंथाची. 1084 मध्ये ब्रुनोने आल्प्समधल्या शार्त्रूझच्या दरीत त्याची सुरुवात केली. इथला साधू बहुतेक वेळ आपल्या खोलीत एकटा असतो. खोलीच्या भिंतीत छोटी खिडकी असते. तिच्यातून जेवण आत येते आणि काही हवे असेल तर चिठ्ठी बाहेर जाते. पण आठवड्यातून एकदा हेच साधू मठाबाहेर लांब फिरायला निघतात, आणि त्या वेळी आपसात बोलतात. हे बोलणे चोरून होत नाही; ते वेळापत्रकात बसवलेले आहे.

कुणी म्हणेल, ही सारी माणसाच्या दुबळेपणाला दिलेली सवलत आहे. शुद्ध मौनाला खिडकी कशाला? त्याला उत्तर पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, सापडते. कोसल देशात काही भिक्षू वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या एका जागच्या मुक्कामासाठी, एकत्र राहिले. भांडण नको म्हणून त्यांनी तीन महिने एकमेकांशी न बोलण्याचे ठरवले. भिक्षेहून आधी येईल त्याने आसने मांडायची. घडा एकट्याला उचलवत नसेल, तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवायचे. सगळे सुरळीत पार पडले. वर्षावास संपल्यावर ते कौतुकाच्या अपेक्षेने बुद्धांकडे गेले, तर बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली: हे तर जनावरांसारखे एकत्र राहणे झाले. मुक्याचे व्रत त्यांनी निषिद्ध ठरवले आणि त्याजागी 'पवारणा' घालून दिली. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्षूने संघाला विनंती करायची, की माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले वा शंका आली असेल तर सांगा.

ज्या बुद्धांनी ध्यानातल्या आर्यमौनाची थोरवी गायली, त्यांनीच हे व्रत नाकारले. त्या भिक्षूंचे भांडण टळले, पण एकमेकांना सुधारण्याची वाटही बुजली. पालीत या व्रताला 'मूगब्बत' म्हणतात. मराठी वाचकाला मूग गिळून बसणे आठवले, तर तो निव्वळ ध्वनीचा योगायोग. अर्थाला मात्र तो शोभतो. वरून शांत दिसणाऱ्या कितीतरी घरांत आणि संस्थांत अशीच अळीमिळी गुपचिळी नांदत असते.

मौनाचा दुसरा धोका आपल्या जवळच घडून गेला. 25 डिसेंबर 1974 रोजी आचार्य विनोबा भावे यांनी पवनारच्या आश्रमात वर्षभराचे मौन धरले. जून 1975 मध्ये आणीबाणी आली. मौनातल्या विनोबांकडून 'अनुशासन पर्व' हे महाभारतातल्या पर्वाचे नाव बाहेर आले आणि सरकारी प्रचाराने ते उचलून धरले. विनोबांनी आणीबाणीला आशीर्वाद दिला, असा अर्थ देशभर पसरला. अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे ते शासन, हा खुलासा यायला मौन सुटावे लागले. तोवर त्या दोन शब्दांचा अर्थ ज्यांच्या हाती प्रचाराची साधने होती त्यांनी ठरवून टाकला होता. विनोबांच्या हेतूवर शंका न घेताही एवढे म्हणता येते, की बोलणारा आपल्या शब्दाची राखण करू शकतो. मौनी माणसाची खूण ज्याच्या हाती पडेल त्याची होते.

म्हणून एखादे मौन किती कडक आहे याचे मला फारसे अप्रूप वाटत नाही. त्याला खिडकी कुठे आहे आणि ती आतून उघडते का, हे मी पाहतो. उद्या कुणी मराठीत मौनी मठाची अद्भुतकथा लिहिली, तर तिच्यातली धुक्यातली शिखरे आणि काळ्या कफन्या मी आनंदाने वाचीन. पण त्या मठातल्या सर्वांत धाकट्या साधूला मठाधिपतीची चूक दिसली, तर तो ती कशी सांगतो, त्या पानाची मी वाट पाहत राहीन.