घडीचा चाकू

मूल-सिंदेवाहीच्या जंगलवाटेवरील एका खेड्यात मी शिकवतो. वाघाच्या बातम्या वाढल्या, तेव्हा आठवडी बाजारातून मी एक घडीचा चाकू घेतला आणि दोन दिवस मोठ्या रुबाबात हिंडलो!

मग घरी त्याची परीक्षा घेतली. पाते नखाने उघडायचे. त्याला दोन हात लागत. खटका नसल्यामुळे जोराने रोवले तर ते आपल्याच बोटांवर मिटायचे. शिवाय वाघ येतो तो बहुधा पाठीमागून, वाकलेल्या माणसावर. म्हणून तर मोहफुले वेचायला बायका घोळक्याने, मोठ्याने बोलत जातात. आंबा चिरायला मात्र चाकू नामी होता.

तरी तो खिशातच राहिला. एका सांजेला झाडीतून कोणी अकस्मात वाटेवर आला. खांद्यावर कुऱ्हाड. माझे नख पात्याच्या खाचेत शिरले.

“गुरुजी, पुढं वाघ हाये जी. थांबा, मी येतो संगं.”

माझ्याच एका विद्यार्थ्याचा बाप!

१९६२ च्या शस्त्रनियमांत ९ इंचांहून लांब पाती शस्त्र ठरली. पण घरकामाची नि शेतीची अवजारे वगळली होती. म्हणजे लांबीइतकाच हेतूही पाहिला होता. त्याच्या कुऱ्हाडीचा हेतू सरपण. माझ्या चार इंची पात्याचा? वाघापुढे ते निरुपयोगी, हे मला ठाऊक होते. मग उरला माणूसच. एरवी त्या वाटेवर माणूस दिसला की मला हायसे वाटे.

आम्ही बोलत, खाकरत गावी पोचलो. चाकू आता स्वयंपाकघरात आहे. खिशात गेलेला माझा हात त्याने पाहिला होता काय, हे विचारण्याचा धीर मात्र अजून झालेला नाही.