पाल आणि पाच स्टार

नागपुरात महाल भागात दोघे सख्खे भाऊ एकाच घरात वर-खाली राहत. वर थोरल्याकडे जुना विंडो एसी होता. त्याचा कॉम्प्रेसर चालला तर पूर्ण जोरात, नाहीतर बंद. खाली धाकट्याने आईसाठी पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी घेतला. खोली गार झाली की तो कॉम्प्रेसरचा वेग उतरवतो, म्हणून वीज कमी लागते. बिल आलं की धाकटा ते घेऊन वर जायचा आणि दादाच्या बिलाशेजारी ठेवायचा. बचत खरीच होती, हे मान्य करायला हवं.

नवतपा लागला, पारा 45 च्या वर गेला आणि धाकट्याचा एसी बंद पडला. मिस्त्रीने बाहेरचं युनिट उघडलं. किड्यांमागे आत शिरलेली पाल बोर्डावर चिकटून मेली होती, बोर्डही जळाला होता. वेग कमी-जास्त करायचं सगळं काम त्या बोर्डाचंच.

"बोर्ड कंपनीतून मागवावा लागेल, भाऊ. सीझन आहे, आठवडा धरा." किंमत ऐकल्यावर उन्हाळाभराची बचत कुठे गेली, हे धाकट्याला विचारावं लागलं नाही. आईने कूलर बाहेर काढला, त्याला वाळा लावला आणि अंगणात खाट टाकली.

त्याच आठवड्यात थोरल्याचाही एसी अडला. कपॅसिटर गेला होता. मिस्त्रीने पिशवीतला दुसरा काढून बसवला, अर्ध्या तासात हवा सुरू. थोरला मिशीतल्या मिशीत हसला. मग मिस्त्रीने फिल्टर ओढून काढला, त्यावर धुळीचा जाड थर. "बंद पडत नाही म्हणून तुम्ही याच्याकडे कधी बघितलंच नाही, भाऊ. बिल तर इथूनच वाढतं."

आई खाटेवरून म्हणाली, "कमी खाणारा बैल चांगलाच रे. पण ऐन पेरणीत आजारी पडला तर औषध कुठे मिळेल, ते बाजारातच विचारायचं असतं. आणि न दुखणाऱ्या बैलालाही रोज धुवावं लागतं."

धाकट्याने एसी विकला नाही. नवा बोर्ड बसल्यावर वायर आत जाते तिथली फट बुजवून घेतली, हवेची वाट मोकळी ठेवली. थोरला आता दर पंधरवड्याला फिल्टर धुतो, तरी त्याचं बिल धाकट्यापेक्षा जास्तच येतं.

यंदा एसी घ्यायला गेलात तर स्टार जरूर बघा, पण बोर्डाची वॉरंटी किती वर्षांची आणि मे महिन्यात तो गावात मिळेल का, हे पैसे मोजण्याआधी दुकानदाराला विचारा.