दप्तरी उरलेला विजय

मजुरीचा करार करताना मनुष्य आपले श्रम विकतो, स्वतःस विकत नाही, अशी अर्थशास्त्राची एक जुनी समजूत आहे. परंतु ज्या व्यवसायात श्रमाचे साधन देह आणि झिजणारे भांडवलही देहच, तेथे ही वाटणी कोठे करावयाची, हा प्रश्न इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसन या रग्बीपटूची हकीकत समजल्यापासून माझा पिच्छा सोडीत नाही.

रग्बी युनियन हा खेळ शतकभर हौशी मंडळींचा राहिला. खेळण्याबद्दल मोबदला घेणारास तेथे बहिष्कृत करीत. 26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिस येथे ही मनाई उठली तेव्हा थॉम्पसन 17 वर्षांचा होता. वेतनी खेळाडूंच्या पहिल्या पिढीतला हा गडी नॉर्थॅम्प्टनच्या संघातून पुढे आला आणि इंग्लंडकडून 73 सामने खेळला.

त्याची जागा हुकरची. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी कमरेत वाकून एकमेकांना भिडतात त्या स्क्रममध्ये पुढल्या ओळीच्या मधोमध हुकर असतो. त्याचे दोन्ही बाहू शेजारच्या गड्यांभोवती गुंतलेले, त्यामुळे धक्का अडविण्यास हात मोकळा नाही, आणि समोरून येणारा सुमारे 900 किलो वजनाचा रेटा खांद्यांवर व मानेवर झेलण्यावाचून गत्यंतर नाही. थॉम्पसनच्या काळी हे दोन जमाव अंतर राखून उभे राहत आणि इशारा होताच एकमेकांवर आदळत. आधी हाताने धरून मग भिडावे, असा बदल 2013 मध्ये झाला. मानेच्या दुखापतीमुळे त्याने 2011 मध्येच मैदान सोडले होते. सामन्यातील आघात निदान प्रेक्षकांस दिसत तरी. सरावाच्या यंत्रावर आठवडाभर घेतलेल्या धडकांची नोंद कोणत्याच वहीत नाही, आणि माझ्या मते अन्याय तेथेच आहे.

2020 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, त्याला अकाली स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान झाले. त्याने आणि इतर माजी खेळाडूंनी खेळाच्या नियामक संस्थांविरुद्ध दावा गुदरला. नुकसानभरपाईचा हिशेब कायदेपंडित करोत. पण गवंडी म्हातारपणी आपण बांधलेल्या भिंतीकडे बोट दाखवितो, बलुतेदार आपल्या हातच्या कामाच्या गोष्टी नातवंडांस सांगतो, ती वार्धक्याची मिरास या मनुष्याकडून हिरावली गेली, तिचे मूल्य कोणत्या दरखास्तीत मांडावे?

22 नोव्हेंबर 2003 रोजी सिडनीत विश्वचषकाचा अंतिम सामना जादा वेळेतही 17-17 असा अडला होता. शेवटचे काही क्षण उरले असता सीमारेषेवरून चेंडू आत टाकण्याचे काम थॉम्पसनकडे आले. जवळचा गडी निवडला असता तर धोका कमी होता. त्याने चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि रांगेच्या अगदी टोकाशी उसळलेल्या लुईस मूडीपर्यंत पोचविला. तेथून खेळ पुढे सरकला आणि जॉनी विल्किन्सनने आपल्या दुबळ्या मानल्या जाणाऱ्या उजव्या पायाने विजयी गोल केला. इंग्लंड 20-17 असे जिंकले. ही फेक चित्रफितीत आहे, ग्रंथांत आहे, लाखो लोकांच्या स्मरणात आहे. ज्याच्या हातून ती झाली त्याला मात्र ती स्पर्धाच आठवत नाही. हा व्यवसाय पुन्हा पत्करशील काय, असे विचारता त्याने नाही म्हटले, आणि कारण सांगताना शरीराच्या वेदनेचा नव्हे, तर त्यातले काही आठवत नाही याचाच निर्देश केला.