सूर्य नाकारणारे पाताळ

सूर्य ज्याने प्रत्यक्ष पाहिला आहे त्याला सूर्य नाहीच असे पटवून देता येईल काय, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचे अध्यापन करणाऱ्या सी. एस. लुईस (१८९८–१९६३) यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्व्हर चेअर’ या बालकादंबरीत तो अशा रीतीने मांडला आहे की, तिचे बारावे प्रकरण धर्मतत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानेही डोळ्यांखालून घालावे. नार्निया या कल्पित देशाचा राजपुत्र रिलियन बेपत्ता झालेला असतो, आणि यूस्टेस व जिल ही दोन शाळकरी मुले, पडलग्लम नावाच्या दलदलीत राहणाऱ्या, पडदेदार पायांच्या आणि सदैव वाईटाचीच अपेक्षा करणाऱ्या प्राण्यासह, त्याचा शोध घेत भूमीखालच्या अंधाऱ्या राज्यात जाऊन पोहोचतात. तेथील राणी जादूगार असून तिने राजपुत्राला अशा मोहिनीखाली ठेवले आहे की, रोज रात्री तासभर त्याची स्मृती परत येते आणि नेमक्या त्या तासालाच वेडाचा झटका समजून त्याला रुपेरी खुर्चीला बांधून ठेवले जाते.

राजपुत्र मुक्त झाल्यावर राणी येते ती शस्त्र घेऊन नव्हे. ती शेकोटीत गुंगी आणणारी पूड टाकते, हळुवार वाद्य छेडते आणि प्रश्न विचारू लागते. सूर्य म्हणजे काय, असे तिने विचारताच उत्तर देणाऱ्यांना छताला टांगलेल्या दिव्याचाच दाखला द्यावा लागतो, आणि तिथेच ती त्यांना पकडते: दिवा खरा आहे, सूर्य ही केवळ त्या दिव्यावरून वाढवून रचलेली कल्पना आहे, तसेच मांजर खरे आहे, आणि नार्नियाचा कर्ता जो सिंहरूप अस्लान, तो म्हणजे मोठे व्हावेसे वाटलेले मांजर. या युक्तिवादामागे लुडविग फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १८४१ साली मांडलेला प्रक्षेपणाचा सिद्धान्त उभा आहे. मनुष्य स्वतःचेच गुण मोठे करून आपल्याबाहेर ठेवतो आणि त्यांना ईश्वर म्हणतो, असे तो सिद्धान्त सांगतो. पुढे १९२७ मध्ये फ्रॉइडने धर्माला इच्छापूर्तीचा भ्रम ठरवले तेव्हा त्याच विचाराला मानसशास्त्राची जोड मिळाली.

राणीला उत्तर देण्याचा एक मार्ग न्यायदर्शनात सापडतो. शिंपलीच्या जागी चांदी दिसणे या भ्रमाचे विवरण करताना नैयायिक म्हणतात की, भ्रमात दिसणारी वस्तू पूर्वी अन्यत्र खरोखर पाहिलेली असावी लागते. यालाच अन्यथाख्याती म्हणतात. परंतु हे उत्तर राणीलाच अधिक सोयीचे आहे, कारण पूर्वी पाहिलेली वस्तू म्हणजे दिवा आणि मांजर, असे ती लगेच म्हणेल. लुईस यांची दिशा वेगळी होती. आपण येथे अस्तित्वमूलक प्रमाणच मुलांना झेपेल अशा रूपात मांडले आहे, असे त्यांनी एका पत्रात नमूद केले होते. सर्वांत परिपूर्ण सत्तेच्या कल्पनेतूनच तिचे अस्तित्व सिद्ध होते, असे मानणारा हा युक्तिवाद अकराव्या शतकात अँसेल्मने मांडला आणि सतराव्या शतकात देकार्तने, अपूर्ण मनाला पूर्णत्वाची कल्पना स्वतःच्या बळावर सुचणार नाही या विचाराच्या जोडीने, पुन्हा उभा केला.

कादंबरीत प्रत्यक्ष जे घडते ते मात्र त्या प्रमाणापेक्षा वेगळे, आणि अधिक प्रामाणिक आहे. पडलग्लम अनवाणी पायाने शेकोटी विझवतो; वेदनेने त्याचे डोके ताळ्यावर येते आणि पाय भाजल्याच्या वासाने इतरांचीही गुंगी उतरते. मग तो राणीचे म्हणणे खोडून काढत नाही. सूर्य, तारे आणि अस्लान ही सारी आपणच रचलेली असली, तरी ती रचना या काळोख्या राज्यापेक्षा श्रेष्ठ आहे, म्हणून अस्लान नसला तरी आपण त्याच्याच बाजूने जगू, असे तो सांगतो. पास्कालची प्रसिद्ध पैज लाभहानीच्या हिशेबावर उभी आहे. पडलग्लमला लाभाची आशा नाही, कारण सगळे वाईटच होणार अशी त्याची खात्री स्वभावातच आहे. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हे नैतिकदृष्ट्या गैर, असे क्लिफर्डने १८७७ मध्ये बजावले होते. पण तो आक्षेपही येथे पुरता लागू पडत नाही, कारण पडलग्लम अस्तित्वाचे विधान करण्याऐवजी आपली निष्ठा जाहीर करतो.

तरीही लेखकाने आपल्या पक्षाला मोठी सवलत दिली आहे, हे लपत नाही. सूर्य आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, त्यामुळे राणी खोटी ठरणार हे आधीच ठरलेले असते. ईश्वराविषयी शंका असलेल्या माणसाला असे आधीचे ज्ञान उपलब्ध नसते, आणि जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले जाते. ज्या हेतूलाच साध्याइतकी सिद्धीची गरज असते त्याला न्यायशास्त्र साध्यसम हेत्वाभास म्हणते. म्हणून या प्रकरणाला प्रमाण मानणे चूक आहे, मग खुद्द लेखकाने तसे म्हटले असले तरी; अनुभवलेले सत्य केवळ वातावरणाच्या दबावाने कसे पुसट होते याचे चित्रण म्हणून मात्र ते बिनतोड आहे.

याहून खोल अडचण कादंबरीतच पुढे येते. लुईस ज्यांना गुरुस्थानी मानत त्या जॉर्ज मॅकडोनल्ड यांच्या ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ (१८७२) मध्ये गॉब्लिन हे एकेकाळी जमिनीवर राहणाऱ्या माणसांचेच वंशज आहेत आणि खाली राहिल्याने ते विद्रूप झाले आहेत. म्हणजे तेथे अधोगती शब्दशः खरी आहे. लुईस यांनी हा उतरता क्रम मोडला. राणीचे उदास सेवक मूळचे तिच्या राज्याच्याही कितीतरी खाली असलेल्या बिझमचे रहिवासी असून, तेथे रत्ने जिवंत असतात आणि त्यांचा रस पिता येतो. विष्णुपुराणातील नारद पाताळाला स्वर्गाहून रम्य ठरवतो, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला त्याचे फारसे नवल वाटणार नाही. याच सेवकांपैकी गोल्ग याला डोक्यावर छत नसलेल्या उघड्या आकाशाची धडकी भरते, त्यामुळे सूर्याचे अस्तित्व मान्य असूनही त्याला त्याची ओढ नाही. पडलग्लमच्या उत्तराचा सारा भार श्रेष्ठतेवर आहे. पण कोणते जग श्रेष्ठ, याचा निवाडा गोल्ग वेगळा करील, आणि तो राणीच्या जादूतून सुटलेला असल्याने त्याचे मत मोहिनीचा परिणाम म्हणून बाजूला सारता येत नाही. राजपुत्रालाही बिझममध्ये उतरण्याचा मोह होतो. मात्र परतीची निकड पुढे करून लेखक त्याला तेथून मागे फिरवतो, आणि श्रेष्ठता ही जगाची की पाहणाऱ्याच्या घराची, या प्रश्नात शिरत नाही.