डार्टला ग्रेस मार्क

३१ वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि एकाही पोराला ग्रेस मार्क दिला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. (पूर्वी सांगत असे.) ३४ म्हणजे ३४, ३५ नव्हेत, एवढंच माझं तत्त्वज्ञान. त्याला पहिला तडा गेला तो इंग्लंडात, लेकीच्या गॅरेजमध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत. आणि तोही डार्ट नावाच्या खेळामुळे.

तिकडे हा खेळ पबात चालतो. आमचे जावईबापू तिथल्या एका पबाच्या संघातून खेळतात, म्हणून सरावासाठी गॅरेजमध्ये फळी टांगलेली. फळीचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंच, फेकणारा २.३७ मीटर दूर. मापं ऐकून माझ्यातला मास्तर सुखावला. आकड्यांची मांडणी पाहून तर फारच. सगळ्यात वर २०, आणि त्याच्या एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ५. बोटभर चुकलात की विसाचा एक! ज्यानं कुणी ही फळी आखली, तो पेपर तपासायला माझ्या शेजारी शोभला असता.

माझा डार्ट मात्र सरळ जाईना. हातातून सुटला की वरातीतल्या मामासारखा डुलत जायचा. जावईबापूंनी दोन डब्या पुढं केल्या. एकीत दांड्या, दुसरीत फ्लाइट. फ्लाइट म्हणजे डार्टच्या शेपटाची प्लॅस्टिकची चार पाती. पूर्वी खरी पिसं असत. मी तत्काळ अरुंद पाती आणि साडेतीन सेंटिमीटरची आखूड दांडी उचलली. जावईबापूंचं तेच होतं ना! अरुंद पातं हवेला कमी अडतं, डार्ट भरकन जातो, आणि तीन डार्ट शेजारी-शेजारी रुतायला जागाही राहते. पण ही चैन ज्याचा डार्ट मुळात सरळ सुटतो त्याची. माझा एक फळीत गेला, एक भिंतीत, आणि एक जावईबापूंच्या सायकलच्या टायरात.

"बाबा, रुंद पाती लावा," लेक म्हणाली. "आणि दांडीपण लांब घ्या."

"म्हणजे ग्रेस मार्कच की!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. १९९१ साली ती नववीत होती, माझ्याच वर्गात. सहामाहीला गणितात ३३. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, दोन मार्कांचा तर प्रश्न आहे." मी ३३ खाली लाल रेघ ओढली. ती रडली असती, अबोला धरला असता, तर बरं झालं असतं. ती रोजच्यासारखा चहा आणून देत राहिली.

"पाती रुंद केली म्हणून नेम बदलतो का, बाबा?"

नाही बदलत. रुंद पात्याला हवा जास्त अडते, शेपूट मागं ओढलं जातं आणि डुलणारा डार्ट लवकर सरळ होतो. दांडी लांब, पाचेक सेंटिमीटरची घेतली, तर पाती पुढच्या जड भागापासून दूर जातात. तरफ मोठी होते. बदल्यात वेग थोडा जातो. नेम ज्याचा त्यानंच धरायचा. ग्रेस मार्क आकडा बदलतो, पातं फक्त वाट सावरतं. म्हणजे मी आकडा बदलला नाही ते बरोबरच होतं. मला अजूनही तसंच वाटतं. पण त्या वर्षी रोज संध्याकाळी माझ्या घरी बारा पोरं शिकवणीला येत होती, आणि तेराव्या चटईची आठवण मला झाली नव्हती. मास्तरची पोर, तिला काय शिकवायचं!

रुंद पाती लावली. लांब दांडी पिळून बसवली. पहिला डार्ट २० मध्ये. दुसरा १२. तिसरा, अर्थातच, १.

लेक खडू घेऊन पाटीपाशी उभी होती. माझ्याकडे न बघता तिनं लिहिलं : ३५.

मी तोंड उघडलं. मग मिटलं. पाळी जावईबापूंची होती.