घंटा आणि खांदे

परक्या गावी गेल्यावर वाहनात न बसता पायी हिंडावे, ही माझी जुनी खोड. पाय दुखतात, पण गाव कळते. दोन वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कोर्दोबा शहरी एक दिवस मोकळा मिळाला, तो मी असाच पायांच्या स्वाधीन करून टाकला.

सकाळी नदीवरचा जुना रोमन पूल ओलांडला आणि यहुदी वस्तीच्या बोळांत शिरलो. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंती, त्यांवर टांगलेल्या फुलांच्या कुंड्या. मध्येच १३१५ साली बांधलेले यहुद्यांचे एक चिमुकले प्रार्थनामंदिर लागले. ते ज्यांनी बांधले, त्यांच्या वंशजांना १४९२ मध्ये देशाबाहेर घालवण्यात आले. जवळच यहुदी तत्त्ववेत्ता मायमोनिडीस याचा पुतळा आहे आणि तटाबाहेर मुसलमान तत्त्ववेत्ता इब्न रश्द याचा. दोघेही बाराव्या शतकात याच गावी जन्मले आणि दोघांवरही हे गाव सोडण्याची पाळी आली. आज गाव त्यांचे पुतळे मिरवते! गावांनाही माणसांसारखीच उशिरा उपरती होते, असे म्हणून मी पुढे निघालो.

दुपारी तिथल्या जगप्रसिद्ध मशिदीत गेलो. नारिंगांच्या झाडांनी भरलेल्या अंगणातून आत पाऊल टाकले आणि क्षणभर गांगरलो. जिकडे पाहावे तिकडे खांब! आठशेहून अधिक खांब आणि त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. आठव्या शतकात बांधकाम सुरू झाले, तेव्हा यांतले कितीतरी खांब त्याहून जुन्या रोमन इमारतींतून आणले होते. १२३६ साली राजा तिसरा फर्डिनंड याने शहर जिंकले आणि मशिदीचे चर्च झाले. १५२३ मध्ये या खांबांच्या रानातच एक उंच चर्च उभारायला घेतले. जुना मनोराही आज घंटाघराच्या पोटात आहे.

या वास्तूची एक गोष्ट जुन्या बखरकारांनी लिहून ठेवली आहे. ९९७ साली इथल्या अल् मन्सूर नावाच्या सेनापतीने उत्तरेकडचे सान्तियागो हे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र लुटले. तिथल्या चर्चच्या घंटा त्याने ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून शेकडो मैलांवरून इथे आणवल्या. त्या उलट्या टांगून मशिदीत त्यांचे दिवे केले. पुढे दोनशे एकोणचाळीस वर्षांनी फर्डिनंडने त्या घंटा परत पाठवल्या. कशा? तर मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून!

मी एका खांबाशी उभा राहिलो आणि मला मेणवलीची आठवण झाली.

वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या घाटावर, एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. त्यांतलीच ही एक. मी सहा-सात वर्षांचा असताना आजोबांनी मला उचलून धरले आणि म्हणाले, "वाजव, बाळ, खणखणीत वाजव! ही आपल्या विजयाची घंटा." त्या नादाने माझी छाती फुगली होती. आजही फुगते, खोटे कशाला बोलू?

पण ती घंटा घाट ओलांडून कोणाच्या पाठीवरून आली, हे मी कधी विचारलेच नव्हते.

कोणी म्हणेल, पोर्तुगीजांनी आपली देवळे फोडली नव्हती का? फोडली होती. मग हिशेब फिटला! कोर्दोबाचाही हिशेब असाच फिटला. घंटा गेल्या, घंटा परत आल्या. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू चोख जुळल्या. फक्त ओझे वाहणाऱ्यांच्या सोललेल्या खांद्यांना त्या वहीत रकाना नव्हता. पहिल्या वेळी ज्यांचे खांदे सोलले, ते कधीच मातीत गेले होते. दुसऱ्या वेळी ज्यांचे सोलले, त्यांनी सान्तियागो पाहिलेही नव्हते. मग न्याय कोणाला मिळाला? घंटांना?

सूड आणि न्याय यांच्यात फरक आहे, असे आपण मुलांना शिकवतो. तो ओळखायचा कसा, हे मात्र सांगत नाही. मला वाटते, खांद्यांकडे पाहावे. नुसते खांदे बदलले आणि ओझे तसेच राहिले, तर तो सूड.

संध्याकाळी पुन्हा पुलावर आलो. घंटाघरातून नाद येत होता आणि तो फार गोड होता, हेही सांगितले पाहिजे. वस्तू निर्दोष असते. दिवा झालेल्या घंटेनेही उजेडच दिला असेल.

यंदा दिवाळीला नातू येणार आहे. त्याला मेणवलीला नेईन म्हणतो. आजोबांनी मला उचलले तसे त्यालाही उचलून धरीन. घंटा वाजवू नको, असे काही मी म्हणणार नाही. चिमाजीअप्पांचा पराक्रम सांगेन, कारण तोही खराच आहे. मग नाद नदीवर विरत असताना त्याला कोर्दोबाच्या घंटांची गोष्ट सांगेन. तो विचारील, "आजोबा, मग आपली घंटा कोणी उचलून आणली?"

त्याने तेवढे विचारले, तरी माझी ती पायपीट सार्थकी लागली.